दामोदर वलथरे याच्या डोक्याविषयी माझे म्हणणे

माझ्या हातून झालेल्या एका शस्त्रक्रियेच्या तीन हकिकती गोंदिया जिल्ह्यात सांगितल्या जातात आणि तिन्ही खोट्या आहेत. पहिली अशी की, नवेगाव बांधच्या दामोदर वलथरे याला नागपूरच्या डॉक्टरने मुका आणि लुळा करून घरी पाठवले व कबुतराच्या रक्ताने तो बरा झाला. दुसरी माझ्या व्यवसायबंधूंची. ती सभांमध्ये चहाच्या वेळी सांगितली जाते: चाकू नको तिथे गेला होता, रोग्याचे नशीब बलवत्तर म्हणून निभावले. तिसरी गेल्या वर्षी माझ्या सत्कारसमारंभात एका वक्त्याने जन्मास घातली. कापून काढलेला मेंदूचा तुकडा म्हणे पुन्हा उगवला. त्या वेळी माझ्या गळ्यात हार होता आणि हारासकट उभे राहून वाद घालणे शोभले नसते, म्हणून गप्प बसलो. आता हार नाही आणि संपादकांनी पाने दिली आहेत.

मी मूळचा गोंदियाजवळच्या मुर्रीचा. नागपुरात मेंदूच्या शस्त्रक्रिया करण्यात आयुष्य गेले. १९९९पासून निवृत्तीपर्यंत दर शनिवारी सकाळच्या गाडीने गोंदियाला येऊन भाड्याच्या दोन खोल्यांत रुग्ण तपासत असे. या व्यवसायाबद्दल लोकांच्या मनात जो भ्रम आहे, तो आधी दूर केला पाहिजे. पुष्कळांना मेंदू ही बाजारपेठ वाटते. एका दुकानात बोलणे मिळते, दुसऱ्यात हात हलवणे, तिसऱ्यात राग. गोंदियाच्या एका भातगिरणीच्या मालकाला मी शस्त्रक्रिया सुचवली, तेव्हा त्याची पत्नी अत्यंत गंभीरपणे म्हणाली, "डॉक्टर साब, खोल ही रहे हो तो इनकी गुस्से वाली नस भी देख लेना. गोदाम के सारे नौकर दुआ देंगे."

तपासणीच्या खाटेवरून तो म्हणाला, "पहले इसकी बोलने वाली नस का कुछ करो."

दोन्ही नसा माझ्याकडे मिळत नाहीत, असे मला सांगावे लागले. कारण रागाचे किंवा बोलण्याचे एकच एक दुकान मेंदूत नसते. असतात ते रस्ते. दूरदूरच्या जागा एकमेकींशी जोडणारे असंख्य तंतू असतात आणि साधे "पाणी दे" म्हणायलाही त्यांपैकी किती तरी तंतूंवरून एकाच वेळी वाहतूक व्हावी लागते. आता कोहमाऱ्याचा चौक डोळ्यांसमोर आणा. महामार्गावर ट्रक उलटला की सगळी वाहने जागच्या जागी उभी राहतात आणि ढाब्यांची चंगळ होते. मग एखादा चालक वैतागून गावातल्या वाटेने गाडी घालतो, त्याच्या मागून दुसरा जातो आणि पाहता पाहता बैलगाडीच्या वाटेवर ट्रकांची रांग लागते. तो रस्ता कोणी रातोरात बांधलेला नसतो. तो होताच, त्याच्यावर एवढा भार तोवर कोणी टाकला नव्हता. शस्त्रक्रियेनंतर मेंदूत जे घडते ते बरेचसे असे असते. आणि महामार्ग एकदम न कोसळता वर्षानुवर्षे थोडाथोडा खचत आला असेल, तर आडवाटा आधीपासूनच रुळू लागलेल्या असतात. सावकाश वाढणाऱ्या गाठीचा रोगी सावरतो आणि एका रात्रीत लकवा मारलेला रोगी तसा सावरत नाही, याचे कारण हे आहे. कबुतराच्या गोष्टीत सगळा घोळ इथेच झाला.

दामोदर नवेगावच्या तलावावर मासे धरणारा. शिशाच्या गोळ्या लावलेले फेकजाळे डोंग्यातून, म्हणजे लहान होडीतून, टाकायचे, हे त्याचे काम. शनिवारच्या गर्दीत त्याचा थोरला भाऊ काशीराम त्याला घेऊन आला. मागे दामोदरची बायको सुमन होती. भासऱ्यासमोर, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावासमोर, बोलायचे नाही अशी रीत, म्हणून ती डोक्यावर पदर घेऊन दाराशी उभी राहिली आणि बोलण्याचा ताबा काशीरामने घेतला.

"पान्यावर होतो डॉक्टरसाहेब. जारं उचललं यानं, अन् हात वरच्या वर. फेकतच नाई. म्या म्हनलं, फेक ना बे, कायले नाटक करून राहिला? तं बोलतच नाई. मान वाकडी, डोरे उघडे."

"मग काय केलंत?"

"मिरगी समजून जोडा हुंगवला."

"मले सारं समजत होतं साहेब," दामोदर म्हणाला. "जोडा याचाच होता."

शुद्ध न हरपता हात आपोआप वर जाणे, मान वळणे आणि वाचा बंद पडणे, या वर्णनावरूनच मी जागा ओळखली होती. नागपूरच्या एमआरआयच्या फिल्मवर ती तशीच निघाली. मेंदूच्या डाव्या अर्ध्यात, वरच्या बाजूला, मध्यरेषेला लागून, सावकाश वाढणारी गाठ. हा भाग आरंभाचे काम करतो. बोलायचे मनात आले की बोलणे सुरू करणे आणि दोन्ही हातांना एकमेकांच्या अंदाजाने चालवणे हे त्याचे काम. तिथली गाठ काढली की माणूस काही काळ मुका होतो आणि त्याची उलट बाजू निपचित पडते. ताकद असते, पण सुरुवात होत नाही. नंतर दुसऱ्या अर्ध्यातील जोडभाग हळूहळू ते काम अंगावर घेतो.

हे सारे मी शस्त्रक्रियेच्या आधी, काशीराम आणि सुमन यांच्या देखत, त्यांच्या बोलीत सांगितले होते. "ऑपरेशन झाल्यावर हा बोलनार नाई. उजवा हात, उजवा पाय पडून राहीन. तुमी घाबरान, मले शिव्या द्यान. मंग काही आठवड्यानं सारं आपोआप सुरू होईन."

काशीरामने विचार केला. "म्हंजे तुमी बिघडवनार, अन् मंग तो आपला आपन सुधरनार. तं तुमचं काम कोनतं त्याच्यात?"

इतका नेमका प्रश्न मला परीक्षकांनीही कधी विचारला नव्हता. माझे काम कुठे थांबायचे ते ठरवण्याचे, असे मी उत्तर दिले. आणखी एक गोष्ट बजावली. गाठीचा एक तुकडा कदाचित आत ठेवावा लागेल. दरवर्षी फिल्म काढायची आणि काही वर्षांनी तो तुकडाही काढायचा. पाण्यावर पुन्हा जायचे असेल, तर याला पर्याय नाही. अर्धवट ठेवलेली गाठ आज ना उद्या उसळते. आणि डोंग्यात पुन्हा झटका आला, तर जोडा हुंगवायलाही कोणी जवळ असेलच असे नाही.

शस्त्रक्रिया रोग्याला जागे ठेवून करायची होती. मेंदूला स्वतःला वेदना होत नाही. कवटी उघडून झाली की रोग्याला जागे करतात, मेंदूच्या पृष्ठभागावर सौम्य वीजप्रवाहाचा स्पर्श करतात आणि त्या क्षणी रोग्याचे काय अडते ते पाहतात. जिथे अडते ती जागा चालू आहे, तिला हात लावायचा नाही. अशा वेळी सामान्यतः अंक मोजायला किंवा चित्रे ओळखायला सांगण्याचा प्रघात आहे. दामोदरचे पोट चित्रे ओळखण्यावर नव्हते. मी जाळे विणायची प्लास्टिकची सुई आणि दोरा निर्जंतुक करून घेतला आणि डोके घट्ट बसवलेल्या अवस्थेत त्याला जाळे विणायला लावले. भूलतज्ज्ञ मला म्हणाले, की हे शस्त्रक्रियागृह आहे, कोळीवाडा नव्हे. मी त्यांना म्हणालो, की दोन हातांची जोडी तपासण्याचे यापेक्षा चांगले साधन आणून द्या, मी ही सुई बाहेर ठेवतो. त्यांनी आणले नाही.

दामोदर झरझर गाठी मारत होता. मी पुढून मागे सरकत होतो. मागच्या कडेला स्पर्श केला आणि डाव्या हाताने फास धरून ठेवलेला असताना उजवा हात सुईसकट हवेत थबकला. प्रवाह बंद केला.

"का थांबला रे?"

"मी नाई थांबलो साहेब," तो पडद्याआडून म्हणाला. "हात थांबला."

गाठ तिथेही होती, पण त्या जागेचे काम अजून चालू होते. मी तो तुकडा तिथेच ठेवला. चाकू नको तिथे गेला, असे म्हणणाऱ्यांपैकी त्या दिवशी तिथे कोणीही उपस्थित नव्हते.

पुढे मी सांगितले होते तसेच झाले. दुसऱ्या दिवशी सकाळी दामोदर नुसता पाहत होता. बोलणे नाही, उजवी बाजू निश्चल. मी मनातून समाधानी होतो. घरच्यांनी टाहो फोडला. आधी सांगितलेले आणि डोळ्यांना दिसलेले यांत माणूस डोळ्यांवर विश्वास ठेवतो, याची मला तोवर पुरेशी कल्पना आली होती. टाके निघताच काशीरामने हट्टाने दवाखान्यातून सुट्टी घेतली आणि भावाला थेट सडक अर्जुनीकडच्या शालिकरामकडे नेले. शालिकराम लकव्यावर कबुतराचे रक्त चोळण्याबद्दल पंचक्रोशीत प्रसिद्ध होता. त्याने दामोदरच्या हातापायांना रक्त चोळले. डोक्याच्या जखमेला लावले नाही, याबद्दल मी त्याचा आजही आभारी आहे.

सांगितल्याप्रमाणे काही आठवड्यांनी वाचा परतली. अंगणात धान खाणाऱ्या शेळीला दामोदर "हट" म्हणाला. मुद्दाम जुळवलेल्या वाक्याआधी असा तोंडात बसलेला उद्गार सुटतो, हेही शास्त्राला धरूनच होते. बोटे हलली, पाय उचलला. गावाने हिशेब मांडला: डॉक्टरने बिघडवले, कबुतराने सुधारले.

हा केवळ माझ्या मानापमानाचा प्रश्न असता, तर मी तो सोडून दिला असता, असे म्हणणे सभ्यपणाचे ठरेल. पण ते खरे नाही. मला राग आला होता. मात्र रागाला पुढे सबळ कारणही मिळाले. कोहमाऱ्याच्या एका ढाब्यावर पोळ्या लाटणाऱ्या बाईंची डावी बाजू जड होऊ लागली. त्यांच्या घरच्यांनी दामोदरची गोष्ट ऐकलेली होती. त्यांनी पावसाळाभर कबुतरे आणली. दिवाळीनंतर त्या माझ्याकडे आल्या, तेव्हा गाठ अशा थराला गेली होती, की चाकू उचलण्यात अर्थ उरला नव्हता. आधी आल्या असत्या तर किती जगल्या असत्या, हे मी छातीठोकपणे सांगणार नाही. पण पोळी लाटता लाटता उजव्या हाताने डावा हात उचलून पोळपाटावर ठेवत असत, एवढे त्यांच्या मुलीने मला सांगितले. ते मी विसरू शकलेलो नाही.

आणि दामोदरने येणे बंद केले. पहिल्या वर्षीची फिल्म झाली, त्यानंतर शनिवारमागून शनिवार गेले, मग वर्षेही गेली. निरोप धाडले, उत्तर नाही. आत ठेवलेला तुकडा हा माझ्या आणि त्याच्यामधला करार होता. तो कबुतराने मोडावा, हे मला मान्य नव्हते. एका रविवारी मी गाडी काढून नवेगाव बांधला गेलो.

दामोदर ओट्यावर जाळे सांधत बसला होता. झटक्यांवरच्या औषधाच्या गोळ्या त्याने कधीच सोडल्या होत्या आणि गेल्या महिन्यापासून उजव्या हाताला पुन्हा हिसके बसत होते, हे त्याने आढेवेढे न घेता सांगितले. काशीरामने मात्र ते उडवून लावले. मी आल्याचे कळताच त्याने शालिकरामला मोटारसायकलवरून बोलावून आणले, म्हणजे समोरासमोर निकाल लागेल.

शालिकराम आला. सडपातळ, टापटीप माणूस. मला नमस्कार करून तो म्हणाला, "तुमी कापता, मी लावतो. दोघायचं बी नाव होऊ द्या ना डॉक्टरसाहेब. गाव केवढं मोठं हाये."

"नाव तुम्हीच ठेवा," मी म्हणालो. "मला एवढंच सांगा, याच्या डोक्यात अजून गाठ आहे. तिच्यावर तुमच्याकडे काय आहे?"

मी त्याला धमकावले असे नंतर सांगितले गेले. मी आवाजही चढवला नव्हता. शालिकरामने दामोदरकडे पाहिले, मग काशीरामकडे.

"गाठ हाये अजून?"

"थोडकी," काशीराम म्हणाला.

"मले तं लकवा सांगतला तुमी." शालिकराम उठून उभा राहिला. "डोक्याच्या गाठीची दवा मी देत नाई बा. माह्या बापानं बी देल्ली नाई. हे त्यायचं काम हाये, मले कायले मधात घालता?"

माझ्या प्रतिपक्षाचा हा प्रामाणिकपणा मी इथे मुद्दाम नोंदवतो, कारण त्याच्या नावाने गोष्ट सांगणारे एवढाच भाग नेमका वगळतात. त्यानंतर कोणी डोकेदुखीसह लकवा घेऊन आला, तर तो आधी फिल्म काढून आणायला सांगत असे. मला हे त्याच्याकडून आलेल्या रोग्यांवरून कळले.

काशीराम मात्र हटला नाही. "मागच्या टायमाले मुका झाला होता. आता अजून बिघडला तं कोन पाहीन? मी?"

तेवढ्यात दाराआडून सुमनचा आवाज आला. भासऱ्याशी बोलायचे नाही म्हणून ती माझ्याशी बोलत होती. ऐकवायचे कोणाला होते, ते सर्वांना कळत होते. "डॉक्टरसाहेब, मुके झाले तवा यायचं सारं मीच पाह्यलं. अजून पाहीन. पन पान्यात हात अकडला तं तिथं मी नाई. हे कोनी समजूनच नाई राहिलं."

 अखेर दामोदरने सुई खाली ठेवली.

"कबुतरानं केलं का तुमी केलं, मले काही घेनं नाई साहेब," तो म्हणाला. "पन मी मुका होनार, हे तुमी पयलेच सांगतलं होतं. पडल्या पडल्या मले तेच आठोत होतं. हे सारे रडून राहिले होते अन् मी मनात म्हनत होतो, साहेबानं सांगतलं तसंच होऊन राहिलं, म्हंजे पुढचं बी तसंच होईन. कोनाले सांगू नाई शकलो, एवढंच." मग भावाकडे वळून, "सोमवारी जातो मी."

मला आयुष्यात मानपत्रे पुष्कळ मिळाली. त्यांपैकी एकही भिंतीवर लावलेले नाही.

दुसऱ्या शस्त्रक्रियेआधी नवे एमआरआय केले. मधल्या काळात तंत्र पुढे गेले होते. रोग्याला हात हलवायला सांगून मेंदूचे कोणते भाग कामाला लागतात, हे आता पाहता येत होते. दामोदरचा उजवा हात हलला, की मेंदूच्या डाव्या बाजूबरोबर उजव्या बाजूचा जोडभागही उजळत होता. निरोगी माणसात तो इतका उजळत नाही. फिल्मवर आडवाट दिसली. पण तिच्यावरून ओझे जाते की नाही, हे फिल्म सांगत नाही. ते शस्त्रक्रियेच्या मेजावरच कळणार होते.

पुन्हा तीच मांडणी. डोके बसवलेले, दामोदर जागा, हातात सुई आणि दोरा. या वेळी भूलतज्ज्ञांनी सुई स्वतः मागवून ठेवली होती. मी मागच्या कडेला आलो, जिथे पूर्वी हात थबकला होता. प्रवाहाचा स्पर्श केला.

हात चालू होते.

पुन्हा स्पर्श केला, प्रवाह किंचित वाढवून. डावा फास धरत होता, उजवा सुई ओढत होता, गाठ पडत होती. "साहेब, झोपले का?" पडद्याआडून त्याने विचारले. तीच जागा, तोच माणूस, तेच काम. आणि त्या जागेवाचून आता त्याचे काहीही अडत नव्हते. मी उरलेला तुकडा काढला. मेंदूचा एक कणही तिथे उगवला नव्हता. जुन्या जागेने आपले काम दुसरीकडे सोपवले होते. सत्कारातील वक्त्यांनी कृपया हे वाक्य पुन्हा वाचावे.

या खेपेलाही तो काही दिवस मुका राहील, असे मी घरच्यांना सांगून ठेवले होते. त्याच संध्याकाळी त्याने सुमनकडे चहा मागितला. त्यावरून गावात चौथी हकिकत निघाली, की डॉक्टरला पहिल्यापासून काहीच समजत नव्हते. तिचे खंडन मी करत नाही. चूक ठरण्याचा एवढा आनंद मला दुसऱ्यांदा मिळाला नाही.

पाण्यावर जायची परवानगी मी लगेच दिली नाही. गोळ्या नियमित घेऊन, हिसका न येता मोठा काळ गेला, तेव्हा दिली आणि ती पाळली जाते का, हे पाहायला स्वतः गेलो. सकाळची वेळ होती. दामोदर डोंग्याच्या टोकाशी उभा होता, काशीराम मागे वल्हे धरून. जाळ्याची एक कड दामोदरने खांद्यावर घेतली, दुसरी हातात, कमरेतून वळला आणि जाळे सोडले.

ते गोल पडले नाही. पूर्वीसारखे ताटागत गोल पडले, असे काशीराम सांगत फिरतो. पण तो भाऊ आहे आणि वल्हवताना त्याची पाठ जाळ्याकडे होती. मी बांधावरून पाहत होतो. डावा हात वेळेवर सुटला, उजवा किंचित मागाहून. त्यामुळे जाळ्याची एक बाजू आखूड, चपटी पडली. आडवाटेने आलेल्या निरोपाला तेवढा उशीर लागतो आणि तो उशीर त्याच्या हातात कायमचा राहिला आहे. दामोदरलाही तो कळला असावा. दोरी ओढून जाळे वर घेता घेता तो त्या चपट्या बाजूकडे पाहत होता. मग त्याने मासे झटकून डोंग्यात टाकले, जाळे पुन्हा खांद्यावर घेतले आणि या वेळी उजवा हात थोडा आधी सोडला.